आतल्या विषाणूची राखण

"विषाणू कधी कुणाचं भलंही करतो का?" कोविडच्या वर्षांनंतर हा प्रश्न अनेकांनी विचारला, आणि तो रास्तच आहे. उत्तर 'हो' असं आहे. पण माणसापासून सुरुवात केली तर हे उत्तर लवकर गुंतागुंतीचं होतं, म्हणून आपण जिवाणूपासून सुरुवात करू. जिवाणूंनाही विषाणूंची लागण होते. त्यातले काही विषाणू जिवाणूच्या आत पिढ्यान्‌पिढ्या राहतात आणि बाहेरून येणाऱ्या दुसऱ्या विषाणूंपासून त्याला वाचवतात. ते हे कसं करतात आणि त्यात त्यांचा काय फायदा, हा या प्रकरणाचा विषय. या कथेतला एक महत्त्वाचा भाग बंगळुरूत घडला आहे. तिथले रिक्षावाले आजही ज्या आवाराला 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणतात, त्या भारतीय विज्ञान संस्थेत.

१. दोन स्वभावांचे विषाणू

जिवाणूंवर वाढणाऱ्या विषाणूला फाज म्हणतात. टी-४ नावाचा फाज ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूवर बसतो आणि आपला डीएनए आत सोडतो. पुढच्या अर्ध्या तासात शंभराहून अधिक नवे फाज तयार होतात, जिवाणू फुटतो आणि ते सगळे बाहेर पडतात. या विषाणूला दुसरा मार्ग माहीत नाही.

लॅम्डा या फाजपुढे मात्र दोन मार्ग असतात. तो टी-४ सारखा जिवाणू फोडू शकतो, किंवा आपला डीएनए जिवाणूच्या डीएनएत जोडून गप्प राहू शकतो. जिवाणू दुभंगला की विषाणूचीही प्रत होते आणि दोन्ही लेक-पेशींना एकेक मिळते. अशा गप्प राहिलेल्या फाजला प्रोफाज म्हणतात. १९५० मध्ये पॅरिसमध्ये आंद्रे ल्वॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा जिवाणूंवर अतिनील किरण टाकले, तेव्हा आत झोपलेले विषाणू जागे झाले आणि जिवाणू फुटले. यजमानाचा डीएनए बिघडू लागला की प्रोफाज बाहेर पडण्याच्या तयारीला लागतो.

हे राहणं किती गुपचूप असतं, ते के-१२ या ई. कोलायच्या वाणावरून कळतं. हा वाण १९२२ मध्ये एका रुग्णाच्या शौचातून वेगळा केला गेला. पुढे तो प्रयोगशाळांमध्ये सर्रास वापरात आला. त्याच्या आत लॅम्डा बसलेला आहे हे एस्थर लेडरबर्ग यांनी १९५१ मध्ये जाहीर केलं. तोवर जवळजवळ तीस वर्षं तो तिथेच होता.

आणि हा अपवाद नव्हे. ज्या जिवाणूंचा पूर्ण डीएनए वाचला गेला आहे, त्यांतल्या जवळपास निम्म्यांमध्ये निदान एक प्रोफाज सापडतो. जपानमधल्या साकाई शहरातल्या विषबाधेच्या साथीतून मिळालेल्या ई. कोलायमध्ये तर १८ प्रोफाज आणि त्यांचे अवशेष आहेत.

२. शेत मालकाचं, पीक कुळाचं

कूळ ज्या शेतात राबतं ते शेत त्याचं नसतं, पण उभं पीक त्याचं असतं. रात्री रानडुकरं आली तर माळ्यावरून आरोळी ठोकतं ते कूळच. मालकावरच्या प्रेमाचा इथे प्रश्न नसतो. पीक गेलं तर कुळाचं वर्ष जातं.

प्रोफाजची स्थिती अशीच आहे. बाहेरून टी-४ आत शिरला तर जिवाणू अर्ध्या तासात फुटेल आणि आतला प्रोफाजही त्याच्यासोबत संपेल. त्यामुळे ज्या प्रोफाजच्या जनुकांमध्ये योगायोगाने का होईना, पाहुण्या विषाणूला अडवणारं काही असेल, त्याचाच वंश टिकतो. विषाणूला इच्छा नसते आणि हेतूही नसतो. निवड होते ती टिकलेल्यांची, आणि आज दिसतात ते राखण करणारे.

३. लॅम्डा काय करतो

गप्प राहण्यासाठी लॅम्डा सीआय नावाचं एकच प्रथिन बनवतो. ते लॅम्डाच्या डीएनएवर ठराविक जागी बसतं आणि बाकीची बहुतेक जनुकं बंद ठेवतं. बाहेरून दुसरा लॅम्डा आत आला तरी त्याच्याही डीएनएवर हेच प्रथिन जाऊन बसतं, आणि तोही गप्प होतो. पण हा उपाय भाऊबंदांपुरताच चालतो. टी-४ च्या डीएनएवर सीआयला बसायला जागाच नाही.

परक्यांसाठी लॅम्डाकडे रेक्स नावाची जोडगोळी आहे, रेक्स-ए आणि रेक्स-बी. पाहुणा विषाणू आपल्या प्रती काढू लागला की रेक्स-ए ला ते जाणवतं. मग रेक्स-बी जिवाणूच्या पटलात वाट उघडतं, आयन इकडून तिकडे वाहतात, पेशीची ऊर्जा ओसरते आणि पाहुण्याचं काम थांबतं. टी-४ जवळ यावरचा उतारा आहे, आरटू या भागातली जनुकं. ती बिघडलेली असतील तरच रेक्स जिंकतो. सेमूर बेंझर यांनी १९५५ पासून हाच फरक वापरला. लॅम्डा असलेल्या जिवाणूवर कुठला टी-४ वाढतो आणि कुठला नाही, एवढंच पाहून त्यांनी एका जनुकाच्या आतला नकाशा काढला. एका प्रोफाजच्या राखणीवर आधुनिक आनुवंशशास्त्राचा एवढा मोठा भाग उभा राहिला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

४. पी-वन, आणि बंगळुरूतली प्रयोगशाळा

१९५१ मध्ये ज्युसेप्पे बेर्तानी यांनी एका जुन्या ई. कोलाय वाणातून काही फाज वेगळे केले. जगभरच्या प्रयोगशाळांत जिवाणू वाढवायला जे एलबी द्रावण वापरतात, त्याची कृतीही याच शोधनिबंधात आली. त्या फाजांपैकी एकाचं नाव पी-वन. तो गप्प राहतो, पण जिवाणूच्या डीएनएत शिरून नव्हे. त्याचा डीएनए वेगळं कडं होऊन राहतो, आणि पेशी दुभंगताना त्याची एक प्रत प्रत्येक लेकीकडे जाते.

जिनिव्हात वर्नर आर्बर आणि डेझी ड्युस्वा यांनी साधा वाटणारा प्रयोग केला. के-१२ वर वाढलेले लॅम्डा त्यांनी पी-वन बाळगणाऱ्या के-१२ वर टाकले. लाखात एखाद-दुसराच वाढला, बाकीच्यांच्या डीएनएचे आत तुकडे झाले. जे वाढले त्यांची पिलावळ पुन्हा पी-वन बाळगणाऱ्या जिवाणूवर टाकली, तेव्हा सगळी सुखरूप वाढली. त्याच पिलावळीला एकदा साध्या के-१२ मध्ये वाढवून परत आणलं, तर पुन्हा लाखात एखादाच. म्हणजे लॅम्डाची जनुकं बदलली नव्हती. त्याच्या डीएनएला कुठेतरी खूण लागत होती, आणि यजमान बदलला की ती पुसली जात होती. हे काम १९६२ मध्ये छापून आलं. १९७८ मध्ये आर्बर यांना डॅनियल नेथन्स आणि हॅमिल्टन स्मिथ यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळालं. आज जनुक-अभियांत्रिकीत वापरली जाणारी डीएनए कापणारी एन्झाइम या वाटेवरूनच हाती आली.

पी-वन नेमकं काय करतो? त्याची दोन प्रथिनं डीएनएच्या पट्टीवर पाच अक्षरांचा एक शब्द शोधतात: ए-जी-ए-सी-सी. त्यातल्या एका ए वर मिथाइल हा छोटा रासायनिक गट बसवायचा, ही झाली खूण. खूण नसलेला शब्द दिसला तर पट्टी कापायची, ही झाली राखण.

थोडा हिशेब करू. डीएनएत चारच अक्षरं असतात, म्हणून पाच अक्षरांचा विशिष्ट शब्द सरासरी ४×४×४×४×४, म्हणजे १०२४ अक्षरांत एकदा येईल. लॅम्डाचा डीएनए ४८,५०२ अक्षरांचा, म्हणजे एका पट्टीवर सुमारे ४७ वेळा. दोन्ही पट्ट्या धरल्या तर ९५ च्या आसपास. इतक्या जागांवर खूण नसेल तर सुटका कठीणच. पण यजमानाचा स्वतःचा डीएनए ४६ लाख अक्षरांचा आहे. त्याच हिशेबाने तिथे नऊ हजारांच्या घरात जागा येतात, आणि प्रत्येकीवर खूण हवी. एखादी चुकली तर राखणदार घरच्यालाच कापेल.

इथे एक सुंदर अडचण उभी राहते, आणि या विषयात मला सर्वात मोलाची तीच वाटते. डीएनएच्या दोन पट्ट्या एकमेकींसमोर असतात, ए समोर टी आणि जी समोर सी. एकीवर ए-जी-ए-सी-सी असेल तर तिच्या समोरची पट्टी उलट दिशेने वाचल्यावर जी-जी-टी-सी-टी मिळते. त्यात ए नाहीच! म्हणून खूण एकाच पट्टीवर लागते. आता जिवाणू दुभंगायला निघाला. दोन पट्ट्या सुटल्या आणि प्रत्येकीवर नवी पट्टी विणली गेली. जिला जुनी, खूण असलेली पट्टी मिळाली त्या प्रतीत ती जागा सुरक्षित आहे. दुसऱ्या प्रतीत तोच शब्द नव्या पट्टीवर आला, त्यावर खूण नाही. म्हणजे दर पिढीला हजारो जागा उघड्या पडतात. तरी जिवाणू मरत का नाही?

कारण हे एन्झाइम एकट्या शब्दावर कापत नाही. त्याला खूण नसलेले दोन शब्द लागतात, आणि तेही एकमेकांकडे तोंड केलेले, एक एका पट्टीवर आणि दुसरा समोरच्या पट्टीवर. नव्याने विणलेल्या प्रतीत खूण नसलेले सगळे शब्द नव्याच पट्टीवर असतात, म्हणून सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. समोरासमोरची जोडी जमत नाही, कापणी होत नाही, आणि दरम्यान खुणा पुन्हा बसतात. परक्या विषाणूच्या डीएनएत मात्र दोन्ही पट्ट्या बिनखुणेच्या, त्यामुळे जोड्या भरपूर. ही फोड १९९२ मध्ये झाली. टी-७ नावाच्या फाजने या नियमाची पळवाट आधीच वापरली आहे. पी-वनच्या एका नातलग कड्याकडे इकोपी-१५ हे याच घराण्यातलं एन्झाइम आहे, आणि त्याचा शब्द सहा अक्षरांचा. टी-७ मध्ये तो ३६ वेळा येतो, पण सगळेच्या सगळे एकाच दिशेला तोंड करून. इकोपी-१५ त्याला कापूच शकत नाही.

आता बंगळुरू. देसिराजू एन. राव यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये थॉमस बिकल यांच्या गटात पी-वनच्या खूण बसवणाऱ्या जनुकावर काम केलं होतं. पुढे भारतीय विज्ञान संस्थेच्या जीवरसायनशास्त्र विभागात त्यांच्या गटाने हीच एन्झाइम हाती घेतली. तेव्हा एक कोडं होतं. कापण्यासाठी एटीपी हा पेशीचा ऊर्जारेणू लागतो, पण तो खर्च होतो की नुसता हजर असला तरी चालतं? या घराण्यातली एन्झाइम एटीपी खर्च करत नाहीत, असं मत बराच काळ प्रचलित होतं. राव यांच्या गटाने १९९५ मध्ये दाखवलं की पी-वनच्या एन्झाइमला कापायला एटीपी मोडावाच लागतो. ही छोटी गोष्ट नाही. समोरासमोरच्या दोन शब्दांमध्ये शेकडो अक्षरांचं अंतर असू शकतं. इकडच्या एन्झाइमचा तिकडच्याशी संबंध पट्टीवरून सरकूनच जुळणार, आणि ते सुरू व्हायला ऊर्जा खर्च व्हायला हवी.

एक प्रश्न राहतोच. पी-वन नव्या जिवाणूत शिरतो तेव्हा त्या जिवाणूच्या नऊ हजार जागांवर एकही खूण नसते, मग तो पहिल्याच मिनिटाला घर का पाडत नाही? बाझेलच्याच गटाने १९९६ मध्ये दाखवलं की खूण बसवण्याचं काम लगेच सुरू होतं आणि कापण्याचं काम उशिरा जागं होतं. आधी सगळं घर खुणेखाली येतं, मग राखण सुरू होते.

पुण्यात आयसर या विज्ञान संस्थेत कायरत साईकृष्णन यांचा गट याच कुळीच्या, पट्टीवरून सरकत जाणाऱ्या एन्झाइमवर काम करतो. त्यांची लॅक्टोकॉकसमधली एन्झाइम प्रोफाजची नाहीत, वेगळ्या डीएनए कड्यावरची आहेत. पण दही-चीजच्या धंद्यात विरजणावर फाज पडला की सगळा घाणा बिघडतो, म्हणून त्यांचं महत्त्व निराळं सांगायला नको.

५. घर जाळून गाव वाचवणं

कापून टाकणं हा एक प्रकार. दुसरा प्रकार जास्त कठोर आहे. पाहुण्याला थांबवताना यजमान पेशीच मरते, पण पाहुण्याची पिल्लं बाहेर पडत नाहीत आणि शेजारच्या हजारो बहिणी वाचतात. त्या बहिणींच्या पोटातही त्याच प्रोफाजच्या प्रती असतात. त्यामुळे एक प्रत गमावूनही वंश फायद्यात राहतो.

आफ्रिकेत, विशेषतः लहान मुलांमध्ये, रक्तात शिरणारा साल्मोनेलाचा एक प्रकार आहे. मलावीतून मिळालेल्या त्याच्या एका वाणात बीटीपी-वन नावाचा प्रोफाज आहे. २०२१ मध्ये सियान ओवेन, जे हिंटन, मायकल बेम आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हा प्रोफाज बीस्टा नावाचं प्रथिन सतत बनवत राहतो. परका फाज प्रती काढू लागला की बीस्टा त्याला अडवतं, पेशी मरते आणि पाहुण्याचा वंश थांबतो. पण मग बीटीपी-वनला स्वतःला बाहेर पडायचं असेल तेव्हा? त्या वेळी त्याच्याही प्रती निघत असतात, आणि बीस्टा त्यालाही अडवेल. याचं उत्तर बीस्टाच्या जनुकातच आहे. त्या जनुकात डीएनएचा एक छोटा तुकडा आहे, आणि त्याच्या प्रती वाढल्या की बीस्टा निष्प्रभ होतं. प्रोफाज जागा होऊन आपल्या प्रती काढू लागला की तो तुकडाही वाढतो. बाहेरच्याकडे तो नसतो, म्हणून त्याची सुटका होत नाही.

क्षयाच्या जिवाणूचा निरुपद्रवी भाऊ असलेल्या मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिसमध्येही हा प्रकार दिसतो. बंगळुरूशी त्याचं जुनं नातं आहे. १९७० मध्ये भारतीय विज्ञान संस्थेतल्या सुंदर राज आणि टी. रामकृष्णन यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की आय-थ्री नावाचा फाज या जिवाणूची जनुकं एका पेशीतून दुसरीत नेतो. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या ग्रॅहम हॅटफुल यांच्या गटाने दाखवलं की याच जिवाणूत राहणारे काही फाज परक्या फाजांना अडवतात, आणि प्रत्येकाची पद्धत निराळी. त्यांच्या डीएनएत जवळजवळ एकाच ठिकाणी ही जनुकं ठेवलेली असतात, पण ठेवलेलं सामान मात्र वेगवेगळं. ई. कोलायच्या पी-टू फाजांमध्येही २०२२ मध्ये असंच आढळलं. जिवाणूची रोगप्रतिकारशक्ती म्हणून आपण जे मोजतो, त्यातला चांगला मोठा वाटा विषाणूंच्याच गाठोड्यातला आहे.

६. पाहुण्याचीही तयारी असते

अशा राखणीतून निसटायला पाहुणेही शिकलेले आहेत. पी-वन स्वतः आपल्या डोक्यात डीएनएसोबत दोन प्रथिनं भरून नेतो, जी नव्या यजमानाच्या कापणीपासून त्याला वाचवतात.

म्यू या फाजचा उपाय बंगळुरूत फार बारकाईने तपासला गेला आहे. वालाकुंज नागराजा यांचा गट भारतीय विज्ञान संस्थेत अनेक वर्षं म्यूच्या मॉम जनुकाच्या मागे आहे. मॉम प्रथिन म्यूच्या डीएनएतल्या सुमारे १५ टक्के ए अक्षरांवर एक वेगळाच रासायनिक गट बसवतं. मग कापणाऱ्या अनेक एन्झाइमना आपला शब्दच ओळखू येत नाही. पण हे प्रथिन यजमानाला घातक ठरतं, म्हणून म्यू ते अगदी शेवटी, बाहेर पडायच्या सुमाराला, सी नावाच्या प्रथिनाच्या इशाऱ्यावरच बनवतो. हे नियंत्रण कसं चालतं, यावर या गटाचे शोधनिबंध एकामागून एक आले. २०२० मध्ये त्यांनी मांडलं की मॉमचा सांगाडा पेशींमध्ये सर्वत्र दिसणाऱ्या एका जुन्या प्रथिन-घराण्यातला आहे, फक्त काम नवं.

७. शहराच्या उत्तरेला, कागदावर

बंगळुरूच्या उत्तरेला कृषी विद्यापीठाच्या आवारात एनसीबीएस, म्हणजे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र आहे. तिथे संदीप कृष्णा आणि त्यांचे सहकारी हा संघर्ष गणिताने सोडवून पाहतात.

प्रयोगात असं दिसतं की दोन्ही मार्ग असलेला फाज जिवाणूत शिरल्यावर शंभरात साधारण पाच ते पंधरा वेळा गप्प राहतो, बाकी वेळा फोडतो. इतक्या अरुंद पट्ट्यात हा आकडा का? २०१७ मध्ये या गटाने संगणकात एकाच यजमानासाठी झगडणारे, फक्त गप्प राहण्याच्या प्रमाणात वेगळे असलेले फाज सोडले. शेवटी जिंकणाऱ्यांचं प्रमाण त्याच पट्ट्यात येऊन थांबलं. म्हणजे राखण करणारे इतके आणि फोडणारे इतके, हे गुणोत्तर प्रतिस्पर्ध्यांच्या चढाओढीनेच ठरत असावं.

त्याआधी, २०१५ मध्ये, संदीप कृष्णा आणि अश्विन शेषशायी यांनी कोपनहेगनच्या संशोधकांसोबत खूण-आणि-कापणी पद्धतीवर काम केलं. ही राखण तशी कच्ची आहे, कारण एखादा फाज निसटला की तो खुणेसह बाहेर येतो आणि तिथल्या सगळ्यांना लागण करू शकतो. पण त्यांच्या गणितातून दिसलं की वेगवेगळ्या खुणा बाळगणारे जिवाणू एकत्र राहू शकतात. अशा प्रकारांची संख्या, एका जिवाणूतून जितके फाज बाहेर पडतात, साधारण तितक्यापर्यंत जाऊ शकते. म्हणजे राखण यजमानाला फक्त वाचवत नाही, त्याचे प्रकारही वाढवते.

८. आणि औषध?

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंवर फाज सोडायचा, ही कल्पना जुनी आहे आणि आज पुन्हा गंभीरपणे तपासली जाते. तिच्याशी या प्रकरणाचा सरळ संबंध येतो. रुग्णातल्या जिवाणूत आधीच एखादा राखणदार प्रोफाज बसलेला असेल, तर दिलेला फाज आतच कापला जाईल किंवा अडेल. म्हणून फाज निवडताना जिवाणूचा डीएनए वाचून आत कोण आहे ते पाहणं उपयोगाचं ठरतं. जो फाज स्वतः गप्प राहू शकतो तो औषधासाठी सहसा घेत नाहीत, कारण तो जिवाणूला मारण्याऐवजी त्याचा राखणदार होऊन बसू शकतो.

बंगळुरूच्या गंगाजेन या कंपनीने वेगळी वाट घेतली. तिने स्टॅफिलोकॉकसवर वाढणाऱ्या 'के' नावाच्या फाजच्या शेपटीतलं, जिवाणूची भिंत भेदणारं प्रथिन घेतलं. त्याला स्टॅफिलोकॉकसच्या भिंतीला चिकटणारा दुसरा एक भाग जोडला आणि पी-१२८ नावाचं एक प्रथिन तयार केलं. त्याची माहिती २०११ मध्ये छापून आली. पी-१२८ जिवाणूच्या आत डीएनए सोडत नाही आणि प्रती काढत नाही. ते बाहेरूनच भिंत कापतं. पी-वनच्या घराण्यातल्या एन्झाइमला त्यात शोधायला शब्दच मिळत नाही, आणि बीस्टासारख्या प्रथिनालाही अडवायला प्रती निघत नाहीत.